वावराच्या वाटेचा वाद : कोणत्या दारात, कोणता कागद घेऊन, किती दिवसांत जावे

विदर्भाच्या काळ्या मातीत वाटेची खरी किंमत पाणी पडल्यावर कळते. चैत्र-वैशाखात उघड्या वावरातून कोणीही कुठूनही बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकतो आणि कोणी त्याला हटकत नाही. पण मृगाचे पाणी येऊन माती फसू लागली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी वर आल्या, की बियाणे, खत, फवारणीचे पाणी आणि बैलजोडी नेण्यासाठी एकच वाट उरते. नेमकी तीच वाट एखाद्या वर्षी शेजाऱ्याने नांगरलेली असते, किंवा तिच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग पडलेला असतो.

आमच्या घरी हे घडले तेव्हा वडिलांना काय करावे ते ठाऊक नव्हते. शेजारच्या काकांनी एका जून महिन्यात धुऱ्यालगतची, म्हणजे बांधालगतची, आमची बंडीवाट मोडून तिच्यावर तूर पेरली. वडील आधी पोलीस ठाण्यात गेले, मग ग्रामपंचायतीत, मग पटवाऱ्याकडे. सर्वांनी ऐकून घेतले, अर्ज ठेवून घेतले आणि ‘पाहू’ म्हणाले. दरम्यान सोयाबीन निघाले, कापसाचे दोन वेचे झाले, आणि संक्रांत आटोपून आम्ही तहसील कार्यालयात पोचलो तेव्हा तिथल्या लिपिकाने पहिला प्रश्न विचारला तो वाट अडवल्याच्या तारखेचा. सहा महिने उलटून गेले होते. ज्या कायद्याखाली ती वाट पुढच्या हंगामाआधी मोकळी होऊ शकली असती, त्याची मुदत आम्ही दारोदार फिरण्यात घालवली होती, आणि त्यानंतरची चार वर्षे दिवाणी न्यायालयात गेली. वाटेच्या वादात न्याय आपल्या बाजूने असणे पुरेसे नसते; आपली वाट कोणत्या प्रकारात मोडते आणि त्या प्रकाराला कोणती मुदत लागते, हे पहिल्या आठवड्यात कळले पाहिजे. पुढे लिहिले आहे ते त्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होते.

पहिली पायरी : वाट कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

गावात आपण सगळ्यालाच ‘रस्ता’ म्हणतो, कायदा मात्र त्यात भेद करतो. जी वाट गावनकाशावर स्वतंत्र दाखवलेली आहे आणि जिचे क्षेत्र कोणाच्याही सातबाऱ्यात धरलेले नाही, ती पांधण किंवा शिवरस्ता सरकारी समजावा. त्यावर कोणी धुरा सरकवला असेल तर तो तुमच्या-त्याच्यातला खाजगी वाद राहत नाही, ते सरकारी जागेवरील अतिक्रमण ठरते. दुसरा प्रकार नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या वाटेचा आहे, जिचे क्षेत्र एखाद्या गटाच्या पोटखराबात, म्हणजे लागवडीलायक नसलेल्या भागात, धरलेले असते. जमीन त्या धारकाची असली तरी वाट म्हणून तिची नोंद सरकारदरबारी आहे, आणि ही नोंद पुराव्यात फार वजनदार ठरते. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त भांडणे त्याचीच होतात. ही वाट नकाशावर कुठेच नसते, पण आजोबांच्या काळापासून शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून किंवा वावरातून बंडी जात आलेली असते. चौथ्या प्रकारात वाट मुळातच नसते. वाटणीत मधला तुकडा वाट्याला आलेला असतो, किंवा विकत घेतलेल्या वावराला चारही बाजूंनी दुसऱ्यांची वावरे असतात.

नकाशा वाचताना दोन समांतर तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली, त्या साखळीचे १६ आणे धरले जात. म्हणून ४ आण्यांचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा आणि ८ आण्यांचा गाडीमार्ग साडेसोळा फुटांचा निघतो; गाडीमार्ग काही ठिकाणी २१ फुटांपर्यंतही असतो. गावातली वडीलधारी माणसे आजही ‘आठ आण्याचा रस्ता’ म्हणतात तेव्हा ते याच मापाबद्दल बोलत असतात.

दुसरी पायरी : कागद गोळा करा, आणि विदर्भाचा खास कागद विसरू नका

स्वतःच्या आणि ज्यांच्या जमिनीवरून वाट जाते त्या सर्व गटांचा चालू सातबारा काढावा. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी. संकेतस्थळावरचा नकाशा पाहण्यासाठी ठीक आहे, पण दाव्यात प्रमाणित प्रतच लावावी. शेताची मोजणी झाली नसेल आणि धुरा सरकल्याची शंका असेल तर मोजणीचा अर्ज लगेच टाकावा, कारण नंबर लागायला वेळ जातो आणि वाटेचे अनेक वाद मोजणी झाल्यावर धुऱ्याचे वाद निघतात. जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे बारकाईने वाचावीत. चतुःसीमेच्या वर्णनात ‘पूर्वेस बंडीवाट’ असे दोन शब्द चाळीस वर्षांपूर्वीच्या दस्तात सापडले, तर त्यांचे मोल दहा साक्षीदारांएवढे असते.

यापलीकडे विदर्भात एक असा कागद आहे ज्याची आठवण अनेकांना होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांविषयीचे प्रकरण विदर्भापुरते आहे. निस्तारपत्रक चराई, सरपण आणि सरकारी पडीत जमिनीच्या वापराविषयी असते. वाजिब-उल-अर्ज मात्र कलम १६५ प्रमाणे गावातल्या खाजगी जमिनींवरील पाणी, वाट आणि अन्य वहिवाटींच्या रूढी नोंदवण्यासाठी असतो. तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गावाचे नाव देऊन त्याची नक्कल मागावी. सगळ्याच गावांच्या नोंदी सारख्या तपशिलाच्या नसतात आणि जुन्या नोंदींतली भाषाही वाचायला जड जाते. पण ‘अमुक शिवारातून तमुक नाल्यापर्यंत बंडीची वाट’ अशी ओळ तिथे मिळाली, तर ‘ही वाट तुम्ही कालपरवा पाडली’ हा समोरच्याचा मुद्दा तिथेच संपतो.

याच दिवसांत प्रत्यक्ष वाटेचे फोटो काढून ठेवावेत. फोटोवर तारीख आणि ठिकाण येईल अशी सोय मोबाईलमध्ये असते. वाट ज्या दिवशी अडवली ती तारीख वहीत लिहावी, त्या दिवशी कोण हजर होते तेही लिहावे. पुढच्या सहा महिन्यांचे सगळे गणित त्या एका तारखेवर उभे असते.

तिसरी पायरी : बोला, पण बोलण्याला तारीख लावा

शेजारी उद्याही शेजारीच राहणार आहे, म्हणून अर्जाआधी बोलणे हे काम आहे, उपचार नव्हे. एकट्याने धुऱ्यावर उभे राहून बोलू नये. दोघांनाही मान असलेल्या एखाद्या माणसाला सोबत घ्यावे आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन बोलावे. आधी विचारावे, ‘काका, अडचण काय झाली?’ आणि उत्तर ऐकून घ्यावे. अनेकदा वाटेचे भांडण मुळात पाण्याचे असते. बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी वाहते, त्यांचा नाला होतो, आणि शेजाऱ्याच्या पऱ्हाटीच्या चार ओळी दरवर्षी सडतात. अशा वेळी वाटेच्या कडेला चारी काढून देणे, एखादा सिमेंटचा पाइप टाकणे, वाटेवर मुरूम टाकण्याचा खर्च उचलणे, एवढ्याने वाद मिटू शकतो. वहिवाटीच्या कायद्यातही वाट वापरण्यायोग्य ठेवण्याचा खर्च ती वापरणाऱ्याने करायचा असतो, त्यामुळे हा खर्च उपकार म्हणून सांगू नये.

गावात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती काम करत असेल तर तिच्यासमोर बसावे. ही मोहीम २००७ साली याच प्रकारचे वाद गावातच मिटावेत म्हणून सुरू झाली. मात्र बोलण्याला महिनाभराची मर्यादा ठेवावी. ‘सोयाबीन निघू दे’, ‘कापूस घरी येऊ दे’, ‘दिवाळीनंतर बसू’ असे म्हणत गेले की १० जूनला अडवलेल्या वाटेची मुदत १० डिसेंबरला संपते. समितीसमोर बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही.

समेट झाला तर तो तोंडी ठेवू नये. साध्या कागदावरची सही पहिल्या पिढीपुरती चालते. वावर विकले गेले किंवा मुलांत वाटले गेले की नवा माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणतो. म्हणून योग्य मुद्रांकावर करारनामा करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. त्यात पुढील अर्थाचे वाक्य असावे : ‘गट क्रमांक अमुकचे धारक आपल्या पूर्वेकडील धुऱ्यावरून दक्षिणोत्तर, इतके फूट रुंद व इतके फूट लांब अशी, माणसे, गुरे, बंडी व ट्रॅक्टर यांच्यासाठी कायमची वाट गट क्रमांक तमुकच्या धारकांना देत आहेत, ही वाट दोन्ही गटांच्या पुढील सर्व धारकांवर बंधनकारक राहील.’ सोबत हाताने काढलेला का होईना, मापांसह नकाशा जोडावा. ‘ट्रॅक्टर’ हा शब्द राहून गेला तर पुढे त्याच शब्दावरून भांडण होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या टप्प्यावर एक शब्द जपून वापरायचा आहे, तो म्हणजे ‘परवानगी’. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवरची वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरली तर वहिवाटीचा हक्क निर्माण होतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. पण परवानगीने केलेला वापर पन्नास वर्षांचा असला तरी त्यातून असा हक्क उभा राहत नाही, कारण तो हक्क म्हणून केलेला वापर नसतो. म्हणून शेजाऱ्याला पत्र लिहिताना ‘आपण आजवर दिलेल्या परवानगीबद्दल आभारी आहोत’ असे भिडेने लिहिलेले वाक्य पुढे न्यायालयात आपल्याच विरुद्ध वाचले जाते. ‘आमच्या आजोबांपासून चालत आलेली वहिवाटीची वाट’ असे लिहावे, आणि ते खरे असेल तरच लिहावे.

चौथी पायरी : योग्य दार

बोलणे फिसकटले तर तहसीलदारांकडे दोन वेगळ्या कायद्यांची दोन वेगळी दारे आहेत, आणि त्यांची गल्लत हीच सर्वांत मोठी चूक आहे.

वाट होती आणि ती अडवली गेली, असे तुमचे म्हणणे असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू होते. इथे तहसीलदार मामलतदार न्यायालय म्हणून बसतात. वहिवाटीची वाट कोणी कायदेशीर अधिकाराशिवाय अडवली असेल तर तो अडथळा काढण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. हा साधा तक्रार अर्ज नसून दावा आहे, म्हणून त्यात वादी आणि प्रतिवादी यांची पूर्ण नावे, वय, व्यवसाय व पत्ता, वाटेचे आणि अडथळ्याचे नेमके वर्णन, अडथळा कोणत्या तारखेला झाला, तुमच्याजवळचे कागद आणि साक्षीदारांची यादी द्यावी लागते, आणि शेवटी सत्यापन करून सही करावी लागते. ‘प्रतिवादी आम्हाला फार त्रास देतो’ अशी वाक्ये त्यात कामाची नसतात. ‘दिनांक अमुक रोजी सकाळी प्रतिवादीने गट क्रमांक तमुकच्या पश्चिम धुऱ्यावरील सुमारे दहा फूट रुंदीच्या वाटेवर जेसीबीने आडवी चारी खोदली’ असे वाक्य कामाचे असते. या कायद्यात आणखी एक सोय आहे जी वाटेबरोबर उपयोगी पडते. शेतजमिनीवरच्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ कोणी अडवला असेल तर तोही अडथळा याच कलमाखाली काढता येतो.

वाट नाहीच आणि ती हवी आहे, असे म्हणणे असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. या कलमाखाली तहसीलदार दुसऱ्यांच्या गटांच्या हद्दींवरून, म्हणजे धुऱ्यांवरून, वाटेचा हक्क ठरवतात, आणि ठरवताना शेतकऱ्याला आपल्या वावरात जाण्यासाठी वाजवी सोय मिळावी याचा विचार करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. इथे सहा महिन्यांची मुदत नाही. पण ‘हद्दीवरून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वावराच्या मधोमध तिरपी, जवळची वाट या कलमाखाली मागता येत नाही, कितीही सोयीची वाटली तरी. अर्जात आपला गट, क्षेत्र, चारही दिशांच्या धारकांची नावे, मागितलेल्या वाटेचा नकाशा आणि ती ज्या ज्या गटांच्या धुऱ्यावरून जाईल त्या सर्व धारकांना प्रतिवादी केलेले असावे. एक जरी राहिला तर आदेश पुढे रद्द होण्याची वाट मोकळी राहते. वाटेची गरज खरी आहे का, दुसरी वाट उपलब्ध आहे का, पूर्वीचे मालक कुठून जात होते, आणि सर्वांत कमी नुकसान कोणत्या धुऱ्याने होईल, या चार प्रश्नांची उत्तरे अर्जातच द्यावीत, कारण तहसीलदार जागेवर येऊन नेमके हेच पाहणार असतात. रुंदी मागतानाही विचार करावा. मे २०२५ च्या महसूल विभागाच्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असे धोरण ठेवले आहे. वाटेची जागा दोन्ही बाजूंच्या धारकांकडून सारखी घेतली जावी, अशी मागणी केली तर कोणा एकावर भार पडत नाही आणि विरोधही सौम्य होतो.

दोन्ही कलमे एकाच अर्जात मिसळू नयेत. एकात तुम्ही ‘वाट होती’ म्हणता आणि दुसऱ्यात ‘वाट नाही’ म्हणता. विरोधी वकील त्याच विसंगतीवर बोट ठेवतो. सहा महिन्यांची मुदत गेली असेल आणि जुनी वाट धुऱ्यावरूनच जात असेल, तर मात्र कलम १४३ चे दार अजून उघडे असते. आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

तिसरे दार दिवाणी न्यायालयाचे. वाट वावराच्या मधून जाते आणि वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायची आहे, किंवा एकाच जमिनीच्या वाटणीमुळे तुमचा तुकडा आत अडकला आहे, अशा प्रकरणात तिथेच जावे लागते. वाटणीच्या प्रकरणाला सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १३ लागू होते. एका मालकाची जमीन फुटून तुकडे झाले आणि एका तुकड्याला दुसऱ्यावरून गेल्याशिवाय वाटच नसेल, तर गरजेपोटीचा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही. मात्र कलम १४ प्रमाणे ती वाट कुठून द्यायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार ज्याच्या जमिनीवरून ती जाते त्याचा आहे. ती वापरायला वाजवी सोयीची असली म्हणजे झाले. त्याने ठरवायला नकार दिला किंवा टाळाटाळ केली तर तुम्ही ठरवू शकता. भावाभावांच्या वाटण्यांत हे कलम दोघांनाही वाचून दाखवले तर बराच ताप उतरतो. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा आणि जागेची पाहणी करण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमण्याचा अर्ज द्यावा, नाहीतर निकाल लागेपर्यंत वाट बंद राहते. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत झालेला समेट हुकूमनाम्याएवढाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते.

पोलिसांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. माणसाला बेकायदा अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. पण त्याच कलमात अपवाद आहे की खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असे प्रामाणिकपणे मानून कोणी ती अडवली तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणून ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते बहुतेक वेळा कायद्याला धरूनच असते. मारहाण, धमकी किंवा काठ्या घेऊन माणसे उभी राहिली असतील तर मात्र ठाण्यात जाण्यात एका दिवसाचाही उशीर करू नये. शांतता भंग होण्याची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६६ खाली कार्यकारी दंडाधिकारी वाटेच्या वापराबाबत आदेश देऊ शकतात. त्यासाठी वाटेचा वापर मागच्या तीन महिन्यांत, आणि हंगामी वाट असेल तर मागच्या हंगामात, झालेला असावा लागतो.

सरकारी पांधणीवर अतिक्रमण असेल तर यातले काहीच नको. नकाशाची प्रत जोडून तहसीलदारांकडे अतिक्रमण हटवण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. एकट्याऐवजी त्या पांधणीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी सह्या कराव्यात.

पाचवी पायरी : स्थळपाहणी

दावा कागदावर मांडला जातो, पण त्याचे खरे-खोटे बहुधा जागेवरच ठरते. पाहणीसाठी फाल्गुन-चैत्राचा काळ उत्तम, कारण तेव्हा वावरे उघडी असतात आणि जमिनीवरच्या खुणा लपत नाहीत. आमच्या प्रकरणात न्यायालयाचे आयुक्त मार्चमध्ये आले. तुरीचे खुंट उभे होते, वाटेचा मागमूस दिसत नव्हता, आणि काकांचे वकील तेच नोंदवून घ्यायला सांगत होते. मग वडील सर्वांना नाल्याच्या उतारावर घेऊन गेले, जिथे काळी माती संपून मुरूम उघडा पडतो. तिथे मुरमात दोन चाकोऱ्या होत्या, वीतभर खोल, एकमेकींपासून तीन हातांवर, काठ गुळगुळीत झालेल्या. वडिलांनी आमच्या जुन्या लाकडी बंडीचा आस मोजून दाखवला, तोही तेवढाच भरला. नांगराने माती फिरते, मुरूम फिरत नाही. त्याच वेळी गावातल्या एका ऐंशीच्या पुढच्या आजीबाईंनी, ज्या तरुणपणी आमच्या सालदाराची भाकर घेऊन त्या वाटेने जात, कडुलिंबाचे झाड दाखवले आणि वाट त्याच्या कोणत्या बाजूने वळत होती ते काठीने जमिनीवर आखून दिले. पंचनाम्यात त्या दोन चाकोऱ्या आणि ते झाड आले, आणि निकालात त्यांचाच आधार घेतला गेला.

यावरून सांगतो. पाहणीच्या आधी एकदा स्वतः वाट पायी चालून अशा न पुसल्या जाणाऱ्या खुणा शोधून ठेवाव्यात : नाल्याचा उतार, झाडांची रांग, जुने धुऱ्याचे दगड, पाइप टाकलेला मोरीचा भाग, कुंपणात ठेवलेले फाटक. मोजमाप टेपने होते की नाही ते पाहावे, आकडे आपल्या वहीतही लिहावेत. साक्षीदार त्या शिवाराचे, वाट प्रत्यक्ष वापरलेले आणि शक्यतो दोन्ही घरांशी नाते नसलेले असावेत. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. काही राहिले असेल तर ते लिहून घेण्याची विनंती करावी, नाही घेतले तर त्याच दिवशी लेखी अर्जाने कळवावे. आणि प्रतिवादी हजर नसेल तर त्याला नोटीस बजावल्याचा कागद प्रकरणात आहे याची खात्री करावी. एकतर्फी पाहणीवर मिळालेला विजय वरच्या कार्यालयात टिकत नाही.

आदेश आल्यावर

मामलतदार न्यायालयाच्या आदेशावर अपील नाही, पण पुनरीक्षण होऊ शकते, आणि तो आदेश दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन असतो. कलम १४३ च्या आदेशाविरुद्ध नाराज पक्षाला उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते, किंवा एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दावा लावला तर मग अपील वा पुनरीक्षण चालत नाही. म्हणून आदेश तुमच्या बाजूने लागला की दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आगाऊ सूचनेचा अर्ज, दाखल करून ठेवावे, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणे अवघड होते. कॅव्हेट ९० दिवस टिकते, नंतर पुन्हा दाखल करावे लागते.

आदेश हातात आला म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज देऊन मंडळ अधिकारी व पटवारी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांच्या उपस्थितीत अडथळा काढून घ्यावा आणि त्याचाही पंचनामा करून घ्यावा. तणाव असेल तर पोलीस बंदोबस्त मागावा. स्वतःचा जेसीबी घेऊन, आदेशाची प्रत दाखवत, कोणाच्याही उभ्या पिकात जाऊ नये. पीक उभे असेल तर काढणीपर्यंत थांबण्याची तयारी स्वतःहून दाखवावी. हे मी कायदा म्हणून सांगत नाही, पण त्याने पुढची वीस वर्षे सोपी जातात.

घराच्या बोळाचा वाद

गावठाणातल्या दोन घरांमधली सामाईक बोळ किंवा आवारातून जाणारी वाट यांना वरची दोन्ही शेतीची कलमे लागू पडत नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर मिळालेली मिळकत पत्रिका पाहावी. बोळ सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीकडे अतिक्रमणाचा अर्ज करावा, खाजगी असेल तर दिवाणी न्यायालयात जावे. मिळकत पत्रिकेचा नकाशा चुकीचा आला असेल तर तो तेव्हाच हरकत घेऊन दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढचे सगळे वाद त्यावरून ठरतील.

ज्याच्या जमिनीवरून वाट जाते त्याच्यासाठी

आतापर्यंत मी वाट मागणाऱ्याच्या बाजूने लिहिले, पण काकांच्या जागी आपणही असू शकतो. पाच एकराच्या वावरातून बारा फुटांची वाट गेली तर किती ओळी जातात हे शेतकऱ्यालाच कळते, आणि ती चिंता खोटी नसते. वाटेचा हक्क असलेल्याला ती वाटेल तशी वाढवता येत नाही. बंडीच्या वाटेवरून विटांचे ट्रक नेण्याचा किंवा ती वाट तिसऱ्याच माणसाच्या वावरासाठी वापरू देण्याचा हक्क त्यात येत नाही. वाट कोणत्या पट्ट्यातून जाईल ते निश्चित करून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. केवळ शेजारधर्म म्हणून वाट देत असाल तर तसे वर्षाच्या मुदतीसह लिहून घ्यावे, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि दरवर्षी नवे करावे, म्हणजे कोणाचाही गैरसमज राहत नाही. आणि गरजेपोटी दिलेली वाट दुसरा रस्ता निघाल्यावर संपते, हेही त्या कागदावर लिहून ठेवावे.

आमच्या निकालानंतर काकांनी वाट दिली, ती कडुलिंबाच्या त्याच बाजूने. फेरफार होऊन दोन्ही सातबाऱ्यांच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद आली, पण पहिल्या प्रतीत गट क्रमांक चुकला होता आणि तो दुरुस्त करायला आणखी तीन महिने लागले. म्हणून नोंद झाल्यावर सातबारा एकदा डोळ्यांनी वाचावा, आकडा आकड्याशी पडताळून पाहावा, आणि यापुढे दोन्हीपैकी कोणतेही वावर विकले जाईल तेव्हा त्या नोंदीचा उल्लेख खरेदीखताच्या चतुःसीमेत शब्दशः येतो की नाही ते दुय्यम निबंधकासमोर सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.